जळू दिलेलं गोदाम

निजाम मुलाणीच्या लघवीतून रक्त जायला लागलं, ते त्यानं दोन महिने कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. उष्णता झाली असेल म्हणून धण्याचं पाणी पीत राहिला. शेवटी सांगितलं ते नाथाजीला, आणि तेही बंब धुता धुता, चाकाकडं बघत.

"दुखत काय न्हाई गड्या," तो म्हणाला. "नुसतं लाल जातंय."

नाथाजीनं हातातला पाइप खाली ठेवला. सव्वीस वर्षं दोघं एका बंबावर होते. येरळाकाठच्या त्या लहान नगरपालिकेत अग्निशमन केंद्र सुरू झालं त्या वर्षीच दोघं भरती झाले. नाथाजी वडूजकडच्या माळावरचा, धनगराच्या घरचा. बाप दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा. निजामचा बाप गावोगाव फिरून भांड्यांना कल्हई लावायचा. निजाम बंब चालवायचा आणि पंप सांभाळायचा. नाथाजी पाइप धरून पुढं जायचा. पाण्याचा दाब कधी वाढवायचा आणि कधी कमी करायचा, हे निजामला ओरडून सांगावं लागत नसे. नाथाजीच्या पाठीकडं बघूनच त्याला ते कळायचं.

चौथ्या दिवशी नाथाजीनं त्याला मिरजेला नेलं. तपासण्यांत आठ दिवस गेले. मग एका दुपारी डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं. पन्नाशीच्या बाई, बोलणं सावकाश. मूत्राशयात गाठ आहे, कर्करोगाची आहे आणि ती आतल्या थरात उतरली आहे, हे त्यांनी सरळ सांगितलं. निजाम मान हलवत राहिला, जणू दुसऱ्या कुणाबद्दल चाललं होतं.

"विडी-सिगारेट ओढता?"

"कधीच न्हाई."

"तंबाखू?"

"न्हाई."

"रंगाच्या कारखान्यात कधी काम केलंय? कातडी कमावायच्या?"

"न्हाई बाई. मी बंबावर हाय."

बाईंनी पेन खाली ठेवला. "किती वर्षं?"

"सव्वीस."

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली, आणि उत्तरं बहुतेक नाथाजीनंच दिली. आग विझल्यावर काय करता? निखारं उकरतो, पाणी मारतो, धुमसत राहिलेलं काय असंल ते भाईर वढतो. त्या वेळी तोंडावर काय असतं? काय न्हाई, तवा धूर कमी झालेला असतो. अंगावरचे कपडे कुठं काढता? बंबातच वाळत घालतो, न्हाईतर घरी नेतो. घरी कोण धुतं? घरची माणसं.

"हे बघा," बाई म्हणाल्या. "पूर्वी लाकूड आणि गवत जळायचं. आता प्लॅस्टिक, फोम, रंग, टायर, औषधं जळतात. धूर दिसेनासा झाला म्हणजे विष गेलं असं नाही. ते राखेत असतं, कोटावर असतं, मानेवरच्या घामातून कातडीत उतरतं. बंबावरच्या लोकांना हा आजार इतरांपेक्षा जास्त होतो, हे आता जगभर मान्य झालंय. यांना नक्की त्यामुळंच झाला, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण दुसरं कारण मला दिसत नाही."

परतीच्या एसटीत निजाम खिडकीजवळ बसला होता. तासगाव गेल्यावर द्राक्षबागा सुरू झाल्या. तेव्हा तो म्हणाला, "नाथा, मी तर आत जात पण नव्हतो रं. मी पंपावर असायचो."

पंप कितीदा तरी वाऱ्याच्या खालच्या अंगाला, धुराच्या वाटेतच उभा असायचा, कारण बंब रस्त्यावर जिथं जागा मिळेल तिथं लावत असत. वारा कुठला आहे हे कुणी बघतच नव्हतं. आणि बंब लावायची जागा दाखवायचं काम नाथाजीचं होतं.

नाथाजी घरी आला तेव्हा त्याची बायको हरणाबाई न्हाणीत कपडे धूत होती. परवाच्या भंगाराच्या आगीतला त्याचा कोट दगडावर होता आणि त्याच बादलीत नातवाची झबली भिजत होती. नाथाजीनं तिच्या पुढ्यातला कोट ओढून घेतला.

"आवं, काय झालं?"

"हात धू. साबणानं धू, कोपरापतोर."

"पण झालं काय? निजामभाऊजी बरं हायती न्हवं?"

तो उंबऱ्यावरच बसला आणि तिला सगळं सांगितलं. हरणाबाईनं ऐकून घेतलं, मग झबली वेगळी काढली, बादली बाहेर नेऊन उपडी केली. "सव्वीस वर्सं धुतीया मी," ती एवढंच म्हणाली. पुढच्या आठवड्यात नाथाजी तिला घेऊन पुन्हा मिरजेला गेला. तिच्या तपासणीत काही निघालं नाही. त्याच्याही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दरवर्षी येत जा.

त्या दिवसांत नाथाजीला सगळ्यात जास्त टोचत होती ती दुसरीच गोष्ट. दीड वर्षापूर्वी केंद्रावर स्वप्नाली नावाची मुलगी भरती झाली होती. पाटणकडची, रीतसर प्रशिक्षण घेऊन आलेली. पहिल्याच महिन्यात एका फर्निचरच्या दुकानाची आग विझल्यावर सगळे निखारे उकरत होते, तेव्हा ही तोंडाला मास्क आणि पाठीला हवेचं सिलिंडर तसंच ठेवून काम करत होती. नाथाजी सगळ्यांदेखत म्हणाला होता, "काय गं, चंद्रावर निघालीस व्हय?" माणसं हसली होती. तिनं मास्क काढला होता. पुढं तिनं तो पुन्हा कधी आग विझल्यावर घातला नाही. आणि कोट जितका काळा तितका माणूस जुना, हेही नाथाजीनंच पोरांना शिकवलं होतं. धनाजीसारखे तरणे गडी तर कोट मुद्दाम धूत नसत.

एका सकाळी त्यानं स्वप्नालीला केंद्राच्या मागं बोलावलं.

"तवा मी तुला हसलो हुतो," तो म्हणाला. "माजं चुकलं."

स्वप्नाली गोंधळली. "मामा, लई दिवस झालं त्याला."

"दिवस झालं म्हणून चूक जाती व्हय? तुला शिकवलंय ते मला सांग. पयल्यापासनं सांग."

तिनं सांगितलं. बंब वाऱ्याच्या वरच्या अंगाला लावायचा. आग विझली तरी राख थंड होईतोवर मास्क काढायचा नाही. काम संपलं की तिथंच अंगावर पाणी आणि साबण मारून घ्यायचा, कोट पिशवीत बांधायचा, बंबाच्या केबिनमध्ये आणायचा नाही. तोंड-मान पुसल्याशिवाय चहाला हात लावायचा नाही. केंद्रावर आंघोळ करूनच घरी जायचं. कोट केंद्रावरच धुवायचे, घरी कधीच नाही. यात न कळण्यासारखं काही नव्हतं. नाथाजी ऐकत गेला आणि प्रत्येक वाक्याला त्याला निजाम दिसत गेला.

अडचण हवेची होती. केंद्रात मास्क-सिलिंडरचे चार संच होते, त्यातली दोन सिलिंडरं वर्षभर रिकामी पडली होती. भरून आणायला लांब जावं लागायचं आणि त्यासाठी वरची सही लागायची. नाथाजीनं तीन अर्ज दिले. तिसऱ्यालाही उत्तर आलं नाही, म्हणून मग जे हातात होतं ते त्यानं सुरू केलं. जाड पिशव्या आल्या, साबणाची बादली बंबावर चढली. धनाजी कुरकुरला.

"मामा, आता आगीवर जायाचं का लग्नाला?"

"निजामला भेटून ये," नाथाजी म्हणाला. "मग इचार."

धनाजी भेटून आला. परत आल्यावर त्याची कुरकुर थांबली, पण मास्क मात्र टाळतच राहिला. त्यात जीव घुसमटतो म्हणायचा.

मे महिन्यात, दुपारी अडीचला वर्दी आली. गावाबाहेर ओढ्याच्या कडेला शेतीच्या औषधांचं गोदाम होतं, ते पेटलं होतं. निजामच्या जागी दुसरा चालक होता. नाथाजीनं वाटेतच खिडकीतून हात बाहेर काढून वारा बघितला. पश्चिमेचा होता. त्यानं बंब ओढ्याचा पूल ओलांडून, वळसा घालून माळाच्या बाजूनं घ्यायला लावला. चार मिनिटं जास्त गेली. तेवढ्यात लोक ओरडायला लागले होते.

गोदामाच्या पत्र्यातून पिवळट धूर येत होता. द्राक्षांवर मारायच्या गंधकाची पोती आत होती, त्याचा वास लांबूनच घशाला कापत होता. त्या वासाखाली दुसराही एक वास होता, गोडसर, ओला. नाथाजी उतरला आणि पहिला प्रश्न त्यानं राखणदाराला विचारला. आप्पासो नावाचा म्हातारा होता, रस्त्याच्या कडेला बसून खोकत होता.

"आत कोण हाय?"

"कोण न्हाई."

"नक्की? हमाल, पोरं, कोण झोपायला?"

"न्हाई. हमाल सकाळीच गेलं. मी येकटाच हुतो, मागल्या दारानं भाईर आलो."

तरीही नाथाजीनं स्वप्नालीला आणि स्वतःला भरलेली दोन सिलिंडरं चढवली. मागच्या दारातून राखणदाराची खोली त्यांनी बघून घेतली. रिकामी होती. आतल्या मोठ्या भागात पिंपांच्या रांगा पेटत होत्या, काही फुगत होती. तो बाहेर आला, मास्क काढला नाही, नुसतं हातानं सगळ्यांना मागं व्हायला सांगितलं.

गोदामाचा मालक राजवर्धन धावत आला. नाथाजीचा दंड धरून म्हणाला, "मामा, पुढच्या बाजूला आग आली नाही अजून. अर्धा माल वाचेल. पोरं आत घाला."

नाथाजीनं मास्क खाली ओढला. "हवेचं दोनच संच हायती शेठ. बाकीच्यांना मी असं आत घालणार न्हाई."

"रुमाल बांधून जात होताच की आजवर."

"जात हुतो," नाथाजी म्हणाला.

मग त्यानं हुकूम दिले. आत कुणी जायचं नाही. पाणी गोदामावर नाही, शेजारच्या घरांच्या भिंतींवर मारायचं. पूर्वेकडची वस्ती उठवून माळावर न्यायची. आणि रस्त्याच्या कामावर असलेला जेसीबी बोलावून गोदामाकडचा उतार ओढ्याला मिळतो तिथं मातीचा बांध घालायचा, कारण तिथून विषाचं पाणी ओढ्यात आणि ओढ्यातून प्यायच्या विहिरीत गेलं असतं. स्वप्नाली वस्ती उठवायला गेली. म्हातारी माणसं, शेरडं, कोंबड्यांची डालगी, सगळं अर्ध्या तासात हललं.

तेवढ्यात धनाजीनं ओला रुमाल तोंडाला बांधला आणि पाइप घेऊन पुढच्या दाराकडं धावला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. नाथाजी त्याच्या मागं पळाला. बावन्न वर्षांचा माणूस, पाठीवर सिलिंडर. दारापासून दहा पावलांवर त्यानं धनाजीला कोटाच्या कॉलरला धरून मागं ओढलं. दोघंही खाली पडले.

"सोडा मामा, लोक बघायल्यात."

"बघू देत."

"तोंड दाखवायला जागा ऱ्हाणार न्हाई."

"निजामला तोंड हाय अजून," नाथाजी म्हणाला. "ते कसं झालंय बघितलंस न्हवं?"

धनाजीनं रुमाल सोडला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नाथाजीनं स्वतः त्याचं तोंड आणि मान साबणानं धुतली, सगळ्या गावासमोर.

लोकांचा सूर मग फिरला. कुणीतरी म्हणालं, पगार कशाचा घेता. कुणी म्हणालं, बांगड्या भरा. एका नगरसेवकानं मोबाइल काढून चित्रण सुरू केलं. बंब उभा आहे, माणसं उभी आहेत आणि गोदाम जळतंय, असं ते सगळं दिसत होतं. सव्वीस वर्षांत नाथाजीला गावानं कधी शिवी दिली नव्हती. गणपतीत त्याच्या हातून नारळ फोडून घेत. आता त्याला मागं वळून बघायचं धाडस होत नव्हतं. आत शिरणं किती सोपं असतं, हे त्याला तेव्हा समजलं. आत शिरलं की माणसाला विचार करावा लागत नाही.

संध्याकाळपर्यंत छप्पर खाली आलं. गोदाम दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत धुमसलं. एकही घर पेटलं नाही. ओढ्याचा बांध टिकला. आप्पासोला दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं, मग तो घरी गेला. बंबावरच्या एकाही माणसाला काही झालं नाही, पण जे चित्रण गावभर फिरलं त्यात हे काही नव्हतं.

आठव्या दिवशी कारणे दाखवा नोटीस आली. उपलब्ध मनुष्यबळ असताना आग विझवण्यात कसूर का केली, असा प्रश्न होता. नाथाजीला लिहिण्याचा सराव नव्हता. त्यानं दोन रात्री कागद फाडले आणि मग सरळ निजामच्या घरी गेला.

निजामची दोन वेळा शस्त्रक्रिया झाली होती. तो भिंतीला टेकून बसला होता, हाताच्या शिरा वर आलेल्या. नूरजहां, त्याची बायको, तिनं नाथाजीला पाणी दिलं आणि दाराशी बसली.

"भावजी, लोक कायबी बोलत्यात," ती म्हणाली. "तुमी मनावर घेऊ नका."

"मनावर घेतल्याशिवाय कसं चालंल भाभी? तीच माणसं हायती."

निजामनं नोटीस वाचली, डोळ्यांपासून लांब धरून. "काय लिवलंयस उत्तर?"

"आत माणूस न्हवतं, संच दोनच हुते, असं."

"माजं नाव घाल."

"निजाम—"

"घाल म्हणतो न्हवं. लिव, आमच्या चालकाला असं असं झालंय, डॉक्टरबाई असं म्हणल्या. म्हणून पोरांना आत सोडलं न्हाई. खोटं हाय का यातलं काय?"

"न्हाई."

"मग लाजायचं कशाला? रोग माजा हाय. मी सांगतोय."

नूरजहांनं पदर तोंडाला लावला, पण नको म्हणाली नाही. नाथाजीनं तिथंच पाटावर कागद ठेवून लिहिलं. निजाम मधे मधे शब्द सांगत होता आणि दमला की डोळे मिटत होता. शेवटी आपली सही करायची का, असं त्यानं विचारलं. नियमात बसत नव्हतं. तरी नाथाजीनं त्याला पेन दिला आणि निजामनं खाली, कोपऱ्यात, पुरं नाव लिहिलं.

त्या उत्तराचं काय झालं ते लोकांना नीट कळलं नाही. नाथाजीच्या सेवापुस्तकात ताकीद लिहिली गेली, ती काही टळली नाही. पण त्याच कागदाच्या आधारानं स्वप्नालीनं पुन्हा अर्ज केला आणि या वेळी दोन्ही सिलिंडरं भरून आली. दिवाळीच्या आधी आणखी चार संच आले, कपडे धुवायचं मोठं यंत्र आलं, आणि सगळ्यांची वर्षातून एकदा तपासणी करायची असा ठराव झाला. धनाजी पहिल्या तपासणीला रांगेत पुढं उभा होता.

निजाम जानेवारीत गेला, शुक्रवारी, दुपारच्या नमाजाच्या वेळेला. जनाजा कब्रस्तानाकडं निघाला तेव्हा केंद्रावरची सगळी माणसं आळीपाळीनं खांदा देत होती. नाथाजीनं पहिल्यापासून शेवटपर्यंत खांदा बदलला नाही. मूठभर माती टाकताना त्याला आठवलं, की निजामनं एकदाही विचारलं नव्हतं, बंब असा खालच्या अंगाला का लावायचास म्हणून. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर नाथाजीनं नूरजहांच्या वतीनं अर्ज केला. कामावर असताना आलेला मृत्यू धरावा, असा. तो टेबलांवरून फिरत फिरत पावसाळ्यात सांगलीच्या कचेरीत पोचला. सुनावणीला नूरजहां, नाथाजी आणि स्वप्नाली तिघं गेले. समोरचा अधिकारी तरुण होता, वागायला वाईट नव्हता. त्यानं सगळी पानं उलटली.

"मुलाणी यांचा मृत्यू प्रत्यक्ष आगीत झालेला नाही ना?"

नूरजहां नाथाजीकडं बघायला लागली.

"आगीतच झाला साहेब," नाथाजी म्हणाला. "फकस्त दम निघायला सव्वीस वर्सं लागली."

अधिकाऱ्यानं चष्मा काढला. "मी तुमचं म्हणणं मानतो, पण माझ्या मानण्यावर चालत नाही. या आजाराचा आणि या कामाचा संबंध आहे असं डॉक्टरांचं लेखी कुठं आहे यात?"

"न्हाई," नाथाजी म्हणाला. "तोंडी हुतं."

"लेखी आणा. आणि ते किती आगींवर गेले, त्याची केंद्राची नोंद जोडा. ही फाइल मी बंद करत नाही. उघडी ठेवतो."

तिघं बाहेर आले. पाऊस थांबला होता, आवारात चिखल होता. नूरजहांनं चपला हातात घेतल्या.

"मिरज हितनं किती लांब?" तिनं विचारलं.

"अर्धा तास लागंल," स्वप्नाली म्हणाली.

"त्या बाई किती वाजेपतोर असत्यात?"

नाथाजीनं घड्याळ बघितलं. साडेबारा झाले होते. "दोनपतोर," तो म्हणाला, आणि रिक्षा थांबवायला रस्त्याकडं निघाला.